दुबई-थायलंडची सहल आणि फेसबुकवरच्या जुन्या राजकीय पोस्टी: निघण्याआधी काय करावं?

सानिका_डोंबिवली

जानेवारीत घरचे सहा जण दुबईला चार रात्री आणि तिथून पुढे बँकॉक-फुकेत असं ठरलं आहे. सहांपैकी दोघे सत्तरीच्या घरातले. फेसबुकवर राजकारणावर लिहिणं हा दोघांचा रोजचा नेम. पोस्टी सगळ्या पब्लिक, भाषा सडेतोड. बरंचसं आपल्याकडच्या नेत्यांबद्दल असतं, पण गेल्या पाच-सहा वर्षांत आखाती राजघराण्यांवरची व्यंगचित्रं, थायलंडच्या राजाबद्दलचे व्हिडिओ असंही बरंच पुढे ढकललेलं आहे. सगळं मराठीत, सगळं इथे बसून.

जाणकारांनी कृपया सांगावं. इथे लिहिलेल्या मजकुरावर तिथे कारवाई होऊ शकते का, की ही नुसती घबराट आहे? टीका आपल्याच नेत्यांवर असेल तर त्या देशांचा काय संबंध? जुन्या पोस्टी उडवल्या की पुरे का? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं काय? "खातं बंद करून टाका" हे घरात कोणी ऐकणार नाही, त्यामुळे जरा नेमकं सांगाल तर बरं.

देरा_बरदुबई

सानिका, घबराट करण्यासारखं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. आधी दुबईचं बघू.

"लिहिलं डोंबिवलीत, मग तिथला कायदा कसा लागेल?" इथेच बहुतेकांची चूक होते. मजकूर तिथे उघडून वाचता येतो, म्हणजे तो तिथे प्रसिद्ध झाला असं धरलं जातं. २०१९ मध्ये लंडनहून आलेल्या एका बाईला दुबई विमानतळावरच अडवलं होतं. घटस्फोटित नवऱ्याच्या नव्या बायकोबद्दल तिने फेसबुकवर अपशब्द लिहिले होते, तेही २०१६ मध्ये, लंडनमध्ये बसून आणि फारसी भाषेत. तक्रार दुबईत राहणाऱ्या त्या दुसऱ्या बाईने केली. शेवटी ३,००० दिरहाम दंडावर सुटका झाली, पण तोवर महिनाभर पासपोर्ट अडकून पडला होता. राजकारणाचा त्यात काही संबंध नव्हता. तरी तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत: पोस्ट जुनी, दुसऱ्या देशात लिहिलेली आणि तिसऱ्याच भाषेत. यातल्या एकाही गोष्टीने ती वाचली नाही.

आता कायदा. अमिरातीतला सध्याचा सायबर कायदा म्हणजे २०२१ चा फेडरल डिक्री-लॉ क्रमांक ३४; तो २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तुमच्या कामाची कलमं अशी. कलम २५: देश, त्याच्या संस्था, संस्थापक नेते, झेंडा, चलन, राष्ट्रगीत यांची टिंगल किंवा बदनामी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख दिरहामपर्यंत दंड. दिरहामला २४ रुपये धरले तर हा दंड एक कोटी वीस लाखांवर जातो. कलम ४३: कोणाही व्यक्तीला ऑनलाइन शिवीगाळ. कलम ५२: अफवा, शिक्षा किमान एक वर्ष.

"आपल्याच नेत्यांवर लिहिलं तर त्यांचं काय जातं?" याचं उत्तर कलम २८ मध्ये आहे. परक्या देशाचा अपमान करणारा मजकूर हाही तिथे गुन्हा आहे. भारतात बसून भारतीय नेत्यावर केलेल्या टीकेवरून पर्यटकाला कोणी उचलेल असं मला वाटत नाही. पण हीच टीका तिथल्या भूमीवरून केली तर गोष्ट वेगळी होते. जुलै २०२४ मध्ये शेख हसीना सरकारविरुद्ध अमिरातीच्या रस्त्यांवर निदर्शनं केली म्हणून ५७ बांगलादेशींना शिक्षा झाल्या: तिघांना जन्मठेप, ५३ जणांना दहा वर्षं, एकाला अकरा. निषेध स्वतःच्या देशाच्या सरकारचा होता, अमिरातीचा नव्हे. पुढे ढाक्यात सत्ता बदलली, नव्या हंगामी सरकारचे प्रमुख मुहम्मद युनूस यांनी अमिरातीच्या राष्ट्राध्यक्षांशी बोलणं केलं आणि सप्टेंबरमध्ये माफी मिळाली. ही मंडळी कामगार होती. माफी मिळूनही त्यांची परत पाठवणी झाली.

मग तक्रार होते कशी? विमानतळावर बसून कोणी तुमचं फेसबुक चाळत नाही. तक्रार माणूस करतो. दुबई पोलिसांचं ई-क्राइमचं संकेतस्थळ आहे, सरकारी वकिलांच्या खात्याचं 'माय सेफ सोसायटी' नावाचं अ‍ॅप आहे. मोबाइलवरून पाच मिनिटांत स्क्रीनशॉट जोडून तक्रार जाते. आणि तक्रार करणारा बहुतेक वेळा आपलाच असतो: कमेंटमध्ये ज्याच्याशी जुंपली तो, भागीदारीत बिनसलं तो, नात्यातला. म्हणून शेख लोकांवरच्या व्यंगचित्राइतकीच काळजी दुबईत किंवा शारजात राहणाऱ्या माणसाशी कमेंटमध्ये झालेल्या भांडणाची घ्या. विशेषतः धर्मावरून काही लिहिलं असेल तर. द्वेषमूलक मजकुराविरुद्ध तिथे वेगळा कायदा आहे. एप्रिल २०२० मध्ये अशाच पोस्टींवरून अनेक भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि खुद्द आपल्या राजदूतांना जाहीरपणे लोकांना सावध करावं लागलं होतं.

राहिलेलं थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नाहीत, मेसेज जातात. कॉलसाठी लोक सर्रास व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या देशातून फिरवून असे अडथळे चुकवणारं अ‍ॅप) टाकतात. नुसतं व्हीपीएन असणं हा गुन्हा नाही, पण गुन्हा करताना किंवा लपवताना ते वापरलं तर कलम १० खाली दंडच पाच लाखांपासून वीस लाख दिरहामपर्यंत. ज्येष्ठांच्या फोनमध्ये ते नकोच. परवानगी असलेलं बोटिमसारखं अ‍ॅप घ्या. अनोळखी माणसांचे, अपघाताचे, पोलिसांचे फोटो टाकू नका; परवानगीवाचून काढलेल्या फोटोला कलम ४४ लागतं, किमान सहा महिने.

मेकाँगकाठ

थायलंडबद्दल लिहितो, कारण तिथली रचना दुबईपेक्षा वेगळी आहे आणि ती समजली तर निम्मी भीती जाते.

थायलंडमध्ये राजा वेगळा आणि राजकीय नेता वेगळा. पंतप्रधान, मंत्री, पक्ष यांच्यावर तिथले लोक भरपूर टीका करतात. त्यावर लागू शकते ती फौजदारी बदनामी, कलम ३२८: दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख बाथपर्यंत दंड, आणि तक्रारदाराशी तडजोड होऊ शकते. राजा, राणी, युवराज आणि राजाच्या वतीने कारभार बघणारा यांच्यासाठी मात्र कलम ११२ आहे. बदनामी, अपमान किंवा धमकी. प्रत्येक कृत्यामागे किमान तीन आणि कमाल पंधरा वर्षं. तडजोड नाही. तक्रार कोणीही करू शकतो, राजवाड्याने करायची गरज नाही.

"प्रत्येक कृत्यामागे" हे शब्द नीट वाचा. एका पोस्टीची शिक्षा दुसऱ्या पोस्टीच्या शिक्षेत मिसळत नाही, ती पुढे जोडली जाते. जानेवारी २०२४ मध्ये उत्तर थायलंडमधल्या एका ऑनलाइन कपडे विक्रेत्याची एकूण शिक्षा ५० वर्षांवर गेली ती अशीच, फेसबुकवरच्या पोस्टी एकेक मोजून. २०२१ मध्ये एका निवृत्त सरकारी कर्मचारी बाईला ८७ वर्षांची शिक्षा झाली, कबुली दिली म्हणून ती निम्मी होऊन साडेत्रेचाळीस झाली. तिने स्वतः काही लिहिलंच नव्हतं, दुसऱ्याच्या आवाजातल्या क्लिपा चढवल्या होत्या. "आम्ही फक्त फॉरवर्ड केलं" हा बचाव तिथे उभा राहत नाही. २०१६ च्या अखेरीस एका विद्यार्थी कार्यकर्त्याला बीबीसी थाईने छापलेला राजाचा परिचयलेख शेअर केल्याबद्दल पकडलं. तोच लेख दोन हजारांहून जास्त लोकांनी शेअर केला होता. अडकला तो एकटा, कारण त्याच्यावर आधीपासून नजर होती.

आता परदेशात लिहिलेल्याचं. थाई दंडसंहितेचं कलम ७ म्हणतं की १०७ ते १२९ ही कलमं थायलंडबाहेर केलेल्या कृत्यांनाही लागू आहेत. ११२ त्यातच बसतं. कोलोरॅडोत राहणाऱ्या, थायलंडमध्ये जन्मलेल्या एका अमेरिकन नागरिकाने राजाच्या एका बंदी असलेल्या चरित्राचे काही भाग भाषांतर करून आपल्या ब्लॉगवर टाकले होते. उपचारासाठी तो थायलंडला आला तेव्हा पकडला गेला. डिसेंबर २०११ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा, जुलै २०१२ मध्ये राजाची माफी.

आणि अटक येतानाच होते असं नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये एका ऑस्ट्रेलियन लेखकाला सुवर्णभूमी विमानतळावर परतीच्या विमानात चढताना पकडलं. त्याच्या नावाचं वॉरंट मार्चपासून निघालेलं होतं, त्याला पत्ता नव्हता. कारण काय, तर स्वतः छापलेल्या कादंबरीतला युवराजाबद्दलचा एक परिच्छेद. प्रती छापल्या होत्या पन्नास. तीन वर्षांची शिक्षा होऊन पुढच्या महिन्यात त्याला माफी मिळाली. परदेशी माणसाचं पूर्वी साधारण असंच व्हायचं: कबुली, शिक्षा, माफी, हद्दपारी. पण त्यात महिने जातात, आणि जामीन बऱ्याचदा नाकारला जातो. सत्तरीच्या माणसाला ते महिने झेपणारे नाहीत.

एप्रिल २०२५ चं प्रकरण तर आणखी विचार करायला लावणारं आहे. थायलंडमध्ये शिकवणाऱ्या एका अमेरिकन प्राध्यापकावर लष्कराने ११२ खाली तक्रार केली. मजकूर होता सिंगापूरच्या एका संस्थेच्या संकेतस्थळावरच्या वेबिनारच्या माहितीचा, आणि तो त्याने लिहिलेलाच नव्हता असं त्याचं म्हणणं होतं. मे महिन्यात सरकारी वकिलांनी खटला चालवायचा नाही असं ठरवलं. दरम्यान व्हिसा रद्द झाला होता आणि त्याला देश सोडावा लागला.

तुमच्या घरच्यांनी जे थायलंडच्या राजाबद्दलचे व्हिडिओ ढकललेत ते काढाच. एवढं एक काम केलं नाही तर बाकी सगळं करून उपयोग नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं. एका वाक्यासाठी माणसाला तुरुंगात घालणारा कायदा मुळात चुकीचा आहे. पण सहलीला गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या लढाईत नकळत ओढणं हेही चूक.

तिथे असताना: नोटेवर आणि नाण्यावर राजाचं चित्र असतं, खाली पडलेलं नाणं पायाने अडवू नका. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला स्टेशनावर, बागेत राष्ट्रगीत लागतं, उभं राहा. राजाच्या फलकांसमोर वाकडे चेहरे करून काढलेला फोटो स्टेटसला ठेवू नका. ज्येष्ठांना हे आपलं आपल्याला कळतं, जास्त करून बरोबरच्या तरुण मुलांना सांगावं लागतं.

सानिका_डोंबिवली

दोघांनाही मनापासून धन्यवाद. फारसीतली पोस्ट वाचून घरात एकदम शांतता झाली. "मराठीत आहे, कोणाला कळतंय" हाच आतापर्यंतचा मुद्दा होता.

दोन उपप्रश्न. पोस्टी काढायच्या तर नेमक्या कशा? हजारोंनी आहेत. आणि याच कुटुंबातली मुलगी ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला जाणार आहे, वाटेत इस्तंबूलला विमान बदलायचं आहे. तिनेही खातं असंच कुलूपबंद करून ठेवावं का?

जुना_हँडसेट

भाषेचं आधी. फेसबुक आणि एक्स दोन्हींवर मराठी मजकुराखाली भाषांतराचं बटण येतं. अरबाला मराठी यायची गरज उरलेली नाही.

पोस्टींचं काम निघण्याच्या किमान पाच-सहा आठवडे आधी सुरू करा. कारण पुढे सांगतो.

सगळ्यात आधी खात्याची प्रत उतरवून घ्या: सेटिंग्जमध्ये "डाउनलोड युअर इन्फर्मेशन". सत्तरीच्या माणसाने दहा-बारा वर्षं लिहिलेलं असतं. ते त्यांचं आहे आणि त्यांच्याजवळ राहिलं पाहिजे. ही प्रत हातात दिली की पोस्टी काढायला ते तयार होतात, आधी नाही. लिंक यायला काही तासांपासून एक-दोन दिवस लागतात.

मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली "लिमिट पास्ट पोस्ट्स" आहे. एका दाबात सगळ्या जुन्या पब्लिक पोस्टी "फ्रेंड्स"वर येतात. लोक इथेच थांबतात आणि इथेच फसतात. हे बटण फक्त आपल्या भिंतीवरच्या आपल्या पोस्टींना लागू होतं. वर्तमानपत्रांच्या पानांवर, नेत्यांच्या पानांवर, पब्लिक ग्रुपमध्ये केलेल्या कमेंटी जशाच्या तशा उघड्या राहतात. प्रोफाइल लॉक केल्यानेही त्या झाकल्या जात नाहीत. आणि भांडणं तर सगळी तिथेच झालेली असतात.

त्या काढायला अ‍ॅक्टिव्हिटी लॉग उघडा, त्यात कमेंट्स अँड रिअ‍ॅक्शन्स, मग वर्षानुसार गाळणी लावा. एकेक वाचत बसू नका. लॉगमध्ये शोधायची सोय असेल तिथे, नसेल तर उतरवलेल्या प्रतीत, "शेख", "दुबई", "सौदी", "राजा", "थायलंड", "युवराज" हे शब्द मराठीत आणि रोमन अक्षरांतही शोधा. आपली माणसं दोन्ही लिप्यांत लिहितात. लाइकही त्याच ठिकाणी सापडतात, तेही काढा. २०१२ मध्ये पालघरला एक पोस्ट टाकणाऱ्या मुलीबरोबर ती नुसती लाइक करणाऱ्या मुलीलाही अटक झाली होती हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पोस्टीसाठी दोन मार्ग दिसतात: "अर्काइव्ह" आणि "ट्रॅश". अर्काइव्हमधलं फक्त आपल्याला दिसतं, कधीही परत आणता येतं. ट्रॅशमधलं, आपण तिथूनही हाताने पुसलं नाही तर, ३० दिवस पडून राहतं आणि मग जातं. पाच-सहा आठवडे म्हणालो ते यासाठी: निघायच्या आदल्या रात्री ट्रॅशमध्ये टाकून तसंच सोडलेलं संपूर्ण सहलभर खात्यात असतं. राजघराण्यांबद्दलचं ट्रॅशमध्ये टाका, आपल्याकडच्या राजकारणावरचं अर्काइव्हमध्ये ठेवा, परतल्यावर पुन्हा लावा. टॅग केलेल्या पोस्टी दुसऱ्याच्या भिंतीवर असतात. तिथून फक्त आपला टॅग काढता येतो.

यूट्यूबवरच्या कमेंटी लोक हमखास विसरतात. गूगलच्या "माय अ‍ॅक्टिव्हिटी"त यूट्यूब कमेंट्स म्हणून यादी मिळते.

व्हॉट्सअ‍ॅप. "डिलीट फॉर एव्हरीवन" दोन दिवस बारा तासांपर्यंतच चालतं, त्यामुळे जुन्याचा विचार सोडा. स्टोरेज अँड डेटामध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, चॅट्समध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, नाहीतर ग्रुपवर कोणीतरी टाकलेलं व्यंगचित्र आपोआप गॅलरीत येऊन बसतं. प्रायव्हसीत ग्रुप्सखाली "माय कॉन्टॅक्ट्स" ठेवा, म्हणजे अनोळखी माणूस नव्या ग्रुपात ओढणार नाही. सहलीचे दिवस ग्रुप म्यूट करून चालतं, सोडायची गरज नाही. पण त्या दिवसांत तिथे राजकारणावर एक अक्षर लिहायचं नाही, "सहमत" किंवा अंगठासुद्धा नको.

आणखी एक, ते फार महत्त्वाचं. स्वतःचं नाव आणि स्वतःचा फोटो फेसबुकवर शोधून बघा. उडुपी जिल्ह्यातला एक एसी तंत्रज्ञ सौदीत दम्मामला काम करत होता. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच्या नावाच्या खात्यावरून युवराज आणि मक्केबद्दल आक्षेपार्ह मजकूर आला आणि तो तुरुंगात गेला. खातं बनावट होतं. बायकोने उडुपी पोलिसांत तक्रार केली, तपासात ते खातं मूडबिद्रीतल्या दोघा भावांनी उघडल्याचं निघालं. ते सौदीतल्या न्यायालयापर्यंत पोचून तो घरी यायला ऑगस्ट २०२१ उजाडला. वीस महिने. बनावट खातं आज सापडलं तर आजच फेसबुकला कळवा आणि सायबर पोलिसांत तक्रार नोंदवून पोच घ्या; त्या पोचेवरची तारीख पुढे लाख मोलाची ठरते.

पॅसिफिक_वेळ

अमेरिकेला जाणाऱ्या मुलीने वरचा सल्ला जसाच्या तसा पाळू नये. तिच्यासाठी तो उलटा पडेल.

व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची सगळी खाती विचारतात. जून २०२५ पासून एफ, एम आणि जे (शिक्षण आणि एक्सचेंजच्या) व्हिसाच्या अर्जदारांना ती खाती पब्लिक ठेवायला सांगतात. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा) वाल्यांनाही. म्हणजे दुबईसाठी कुलूप आणि अमेरिकेसाठी उघडं दार. एकाच घरातली माणसं एकमेकांचं बघून करतात आणि चुकतात.

खातं अर्जात न लिहिणं ही सगळ्यात मोठी चूक. पोस्ट कडक असली तर अधिकारी प्रश्न विचारतील, व्हिसा नाकारतील. पण माहिती दडवली असं ठरलं तर ती खोटी माहिती धरली जाते आणि अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. मुलाखतीच्या आधल्या आठवड्यात अख्खं खातं पुसून कोरं करणंही नको. कोऱ्या खात्याकडे संशयाने बघितलं जातं. स्वतःच्या शब्दांतली मतं राहू द्यावीत. हिंसेचं समर्थन, कोणाच्या मृत्यूवर आनंद असं काही असेल तर ते मात्र आताच काढावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये चार्ली कर्क या अमेरिकन उजव्या कार्यकर्त्याच्या हत्येवरच्या शेऱ्यांसाठी अमेरिकेने सहा परदेशी लोकांचे व्हिसा रद्द केले, आणि तसं जाहीरही केलं.

अमेरिकेत शिरताना फोन तपासला जाण्याचं प्रमाण फार कमी आहे: २०२४ च्या आर्थिक वर्षात ४२ कोटींहून जास्त प्रवाशांमागे सुमारे ४७ हजार उपकरणं. तपासायला मागितला तर परदेशी नागरिकाला नकार देता येतो, पण मग प्रवेश नाकारला जाऊ शकतो. फोन ठेवून घेतला तर ६०५१-डी क्रमांकाची पावती मागून घ्यावी.

इस्तंबूल: विमान बदलताना ट्रान्झिटमधून बाहेर पडावं लागत नाही, पासपोर्टवर शिक्का बसत नाही. तुर्कस्तानचा कायदा ट्रान्झिटमध्येही लागू असतोच, पण विमान चुकलं, रद्द झालं, हॉटेलवर नेलं, की इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि धोका वाढतो. तिथे कलम २९९ खाली राष्ट्राध्यक्षांचा अपमान केल्यास एक ते चार वर्षं. मार्च २०२५ मध्ये एक स्वीडिश पत्रकार इस्तंबूलला उतरताच पकडला गेला. अपमानाबद्दल अकरा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली आणि मे महिन्यात तो घरी गेला. जर्मनीचं परराष्ट्र खातं आपल्या नागरिकांना तुर्कस्तानासाठी लाइक आणि शेअरबद्दलसुद्धा सावध करतं. राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांच्यावर काही लिहिलेलं नसेल तर ही काळजी नको.

कलम_आणि_कागद

वरचं सगळं करूनही काही घडलंच तर काय, ते कोणी लिहिलं नाही म्हणून.

अडवलं गेल्यावर फोनमधलं काहीही पुसायचं नाही. त्या क्षणापर्यंत ती जुनी पोस्ट असते. त्यानंतर पुसली तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप जोडला जातो. वाद घालायचा नाही, "मी लिहिलंच नाही" असंही घाईत म्हणायचं नाही. "मला भारतीय वकिलातीशी बोलायचं आहे" हे एकच वाक्य, इंग्रजीत, शांतपणे, पुन्हा पुन्हा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार मागणी केल्यावर अटकेची खबर वकिलातीला द्यावी लागते. मागणी करावी लागते, हे लक्षात ठेवा; आपोआप होईल असं धरू नका.

अमिरातीत जबाब अरबीत लिहिला जातो, थायलंडमध्ये थाईत. दुभाष्या मिळेपर्यंत सही नाही. सही करायलाच लावली तर सहीखाली मराठीत किंवा इंग्रजीत "मला हा मजकूर समजलेला नाही" असं लिहून तारीख घाला.

दुबईत जामिनासाठी पासपोर्ट ठेवून घेतात. तक्रार एखाद्या माणसाच्या वैयक्तिक अपमानाची असेल तर तक्रारदाराने माघार घेणं, ज्याला तिथे तनाझुल म्हणतात, हाच सर्वांत जलद मार्ग. वकील आधी तेच बघतो. तक्रार राज्यकर्त्यांबद्दल असेल तर तो मार्ग नाही, तिथे सरकारच फिर्यादी असतं.

घरच्यांनी इथून काय करायचं: वकिलातीला फोन, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर नोंद, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत जोडून. आणि बाकी गप्प बसायचं. "अमक्याला सोडवा" म्हणून फेसबुकवर मोहीम उघडण्याचा मोह फार होतो. पहिल्या दिवसांत ज्या प्रकरणाचा निपटारा दंड आणि हद्दपारीवर होऊ शकतो, त्यात गाजावाजा झाला की अधिकाऱ्यांना माघार घेता येत नाही. प्रवास विम्यावर विसंबू नका. पॉलिसीत बेकायदा कृत्य वगळलेलं असतं, ते कलम आजच वाचून घ्या.

एक मुद्दा उलट बाजूचा. सहलीत असताना तिथून आपल्या नेत्यांवर लिहिलं, तर परतल्यावर इथेही प्रश्न येऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या पहिल्याच कलमात भारतीय नागरिकाने देशाबाहेर केलेला गुन्हा येतो. मात्र असा खटला चालवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०८ नुसार केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि बचावात हा मुद्दा बरेचदा मांडायचा राहून जातो. लुकआउट सर्क्युलर (माणसाला देशाच्या सीमेवर अडवायची सूचना) निघालं तर ते सहसा विमानतळावरच कळतं. जानेवारी २०१५ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेच्या प्रिया पिल्लई यांना ब्रिटिश खासदारांसमोर बोलायला जाताना दिल्लीत विमानात चढू दिलं नव्हतं; मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते सर्क्युलर रद्द केलं. सरकारच्या धोरणाशी मतभेद असणं म्हणजे देशविरोध नव्हे, हा त्या निकालाचा गाभा आहे. तुमच्या घरच्या दोघांना हे नक्की सांगा. त्यांनी लिहिणं थांबवू नये. फक्त ते दहा-बारा दिवस थांबवावं.

सानिका_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. काल रात्री प्रत उतरवायला लावली आहे. एक राहिलं: तिथे असताना नुसते सहलीचे फोटो टाकायला हरकत नाही ना? दोघांना तेवढं तरी हवं आहे.

देरा_बरदुबई

जरूर टाकावेत. फोटो "फ्रेंड्स"साठी ठेवा, मागे अनोळखी कुटुंबं, विशेषतः बायका, येऊ देऊ नका. राजवाडे, सरकारी इमारती, विमानतळाचा सुरक्षा भाग, पोलीस टाळा. आणि फोटोखाली कमेंटमध्ये इकडची मंडळी "तिकडे बघा कसं आहे, नाहीतर आपले..." असं सुरू करतातच. त्यावर उत्तर द्यायचं नाही, कमेंट लपवायची. जमत असेल तर त्या दहा-बारा दिवसांसाठी भिंतीवर कमेंट करायची मुभाच बंद ठेवा.

कागदाच्या एका चिठ्ठीवर वकिलातीचे फोन लिहून प्रत्येकाच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये घाला, कारण फोन काढून घेतला तर त्यातले नंबर कामाचे नाहीत. दुबईतल्या भारतीयांसाठीच्या मदत केंद्राचा मोफत क्रमांक ८००-४६३४२, थायलंडमध्ये पर्यटक पोलीस ११५५. चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लिहा, दोघांचे चष्मे सामानात असतील.